शिडी कोण धरणार?

२ मार्च

ही डायरी मोटर कंपनीच्या एजंटाने दोन दिवाळ्यांपूर्वी दिली होती. कपाटात कोरी पडून होती. डायरी लिहिणं हे रिकाम्या माणसाचं काम, असं माझं मत होतं आणि आजही फार बदललेलं नाही. पण रात्री जेवताना दिवसभराचं काम छायाला सांगायची मला तीस वर्षांची सवय. कुठल्या विहिरीवर गेलो, मोटर का जळाली, माझ्या आधी कुणी हात घालून वाट लावली होती, सगळं. ती भाकरी थापता थापता "हं" म्हणायची. आता "हं" म्हणायला कोणी नाही. म्हणून सकाळी चहा झाला की कालचं इथे लिहून टाकणार.

कालचं काम घरचंच. छपरावरची काळी टाकी छाया गेल्यापासून कुणी धुतली नाही, पाण्याला वास यायला लागला होता. मी टाकीची लाईनच तोडली. विहिरीवरून थेट स्वयंपाकघरात पाइप आणला आणि मध्ये प्रेशर स्विच बसवला. नळ सोडला की मोटर आपोआप चालू, बंद केला की बंद. पूर्ण पोशीर गावात अशी लाईन दुसऱ्या घराला नाही.

शेजारचा धाकलू बघायला आला. म्हणाला, "येवढा खटाटोप कशाला रं, चांगो? वर चढून टाकी धुतली आसती तर आर्ध्या तासाचं काम."

धाकलूला प्रेशर स्विच म्हणजे काय हे कळत नाही, त्याला काय सांगणार? मी सातवी शिकलो. मोटर बांधायला मला कुणी शिकवलं नाही. जळलेल्या मोटरी उघडून, एकेक वेढा सोडवत शिकलो. तारेचे वेढे कसे पाहिजेत, तर शेजारी शेजारी, एकावर एक चढता कामा नयेत. हे आयटीआयची पोरंसुद्धा पाळत नाहीत.

शिवाय शिडीवर चढायचं तर खाली धरायला माणूस लागतो. घरात मी एकटा.

१७ मार्च

काल समीक्षा आणि जावई खोपोलीहून आले. रुपेशराव तिथल्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मला मामा म्हणतात. माणूस चांगला, फक्त स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही.

समीक्षाने चहा खाली ठेवायच्या आत विषय काढला. "बाबा, एप्रिलात नेपाळला जायचं. तिकडे पोखरा म्हणून गाव आहे. तिथे पॅराग्लायडिंग होतं. यांची रजा मंजूर झालीय."

मी म्हटलं, "एवढी घाई काय आहे?"

"आईला शब्द दिलाय तुम्ही," ती म्हणाली.

त्या शब्दाबद्दल गावात वाटेल ती कथा झाली आहे, म्हणून घडलं ते नीट लिहून ठेवतो. छाया नोव्हेंबरात गेली. डोक्यात रक्तस्राव झाला, दवाखान्यातून परत आलीच नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या उंबरावर बसले होते, पण एकही खाली येईना. असं झालं की माणसाची काही इच्छा राहिली असं धरतात, आणि घरच्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यायचा. मी म्हणालो, समीक्षाकडे लक्ष ठेवीन. कावळा हलला नाही. घराला रंग काढीन. नाही. तुझ्या माहेरच्या देवीला साडी नेईन. तरी नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू या. तेव्हा समीक्षा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, उडेन म्हणा. आभाळात उडेन."

मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "छाया, मी उडतो."

आणि कावळा आला.

त्याच वेळी शेजारच्या पिंडाजवळ कुणीतरी फरसाणाची पिशवी फोडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कावळा तिकडेच निघाला होता, वाटेत आमचा पिंड लागला. पण शब्द दिला तो दिला.

उडण्याचं मूळ असं की छाया शनिवार-रविवार कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर चुलीवरच्या भाकऱ्या करायला जायची. तिच्या चुलीच्या वरून लोखंडी दोर गेलेला. त्याला लोंबकळून मुंबईची माणसं किंचाळत जायची. एकदा मला म्हणाली, "अहो, मॅनेजर म्हणतो, मावशी, एकदा बसा तुमीपण. येता का? दोघं बसू." मी मुद्दाम जाऊन दोर पाहून आलो. एका क्लँपवर गंज होता. तिला सांगितलं, "पन्नाशीच्या बाईने लोंबकळायला आपण काय माकडं आहोत?" तिने पुन्हा विषय काढला नाही. समजूतदार होती.

९ एप्रिल

आक्का पण येणार. माझी मोठी बहीण विमलबाई. वय अडुसष्ट, नऊवारी नेसते, कर्जतच्या पलीकडे कधी गेली तर देवाला. समीक्षाने फोनवर सहज सांगितलं आणि ती दुसऱ्या दिवशी पिशवी भरून हजर.

नेपाळच्या विमानाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदान कार्ड लागतं. ही माहिती मी काढली, एजंटाला नव्हती. आक्काने आपलं मतदान कार्ड काढून दाखवलं आणि म्हणाली, "ह्यो फोटू माजा नाय वाटत. माज्या सासूचा वाटतो. मला परत पाठवतील का रं?"

"फोटोवरून पाठवायला लागले तर देशात कुणी राहणार नाही," रुपेशराव म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी घरात हसण्याचा आवाज झाला. पण छायाचं हसणं सगळ्यात मोठं असायचं, त्याची जागा रिकामी राहिली.

नंतर आक्का मला एकटं गाठून म्हणाली, "चांगो, तुला जमंल ना?"

"काय जमेल?"

"वर जायला."

मी म्हटलं, "आक्का, मी साठ-साठ फूट विहिरीत दोराने उतरतो. या तालुक्यात माझ्याइतक्या विहिरी आतून कुणी पाहिल्या नाहीत."

"विहीर खाली आसती रं," ती म्हणाली आणि मसाला कुटायला गेली.

२१ एप्रिल

काल विमानाने काठमांडू, तिथून दुसऱ्या छोट्या विमानाने पोखरा. दोन्ही वेळा मी कडेची, म्हणजे वाटेकडची सीट घेतली. गुडघ्यामुळे पाय लांब करावा लागतो. आक्का खिडकीला नाक लावून बसली होती. "अगं बाय, ढग खाली!" असं इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या माणसाने वळून पाहिलं. मी समोरच्या खिशातला सुरक्षेचा कागद पूर्ण वाचला. छपाई फिकट आहे.

गाव बरं आहे. मोठं तळं, मागे बर्फाचे डोंगर. हॉटेलच्या खोलीत नळ गळत होता, तो मी दुरुस्त केला. वॉशरऐवजी त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला होता.

२२ एप्रिल

आज लगेच लिहितो आहे, उद्यावर ठेवत नाही, कारण झालं ते समीक्षा उद्या वेगळं सांगेल.

सकाळी जीपने डोंगरावर नेलं. वर गवताचा उतार आणि पुढे काही नाही. मागे पायलट, पुढे आपण, दोघांना एकाच पट्ट्यात बांधतात. उतारावरून पळायचं, तोपर्यंत मागचं कापड वाऱ्याने भरतं आणि आपोआप उचललं जातं. पद्धत साधी आहे. मी शिलाई तपासली, कड्या तपासल्या. माझा पायलट चाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेला. त्याने मला तपासू दिलं. म्हणाला, "अंकल, बस दौड़ते रहना. बैठना मत."

मी पळालो. साधारण अर्ध्या उतारावर वारा फिरला. त्यामुळे मला खाली बसावं लागलं. कापड बाजूला कोसळलं, पायलटचा कोपर खरचटला. मी त्याला वाऱ्याबद्दल सांगितलं, तर तो माझ्याकडे बघून नुसता हसला. चांगला माणूस आहे, पण वाऱ्याची पारख कमी. पुन्हा पळू म्हणाला. मी म्हटलं, आज हवा योग्य नाही.

माझ्यानंतर त्याच हवेत आक्का उडाली. काष्टा खोचला, डोक्याला हेल्मेट, आणि कुणी सांगायच्या आत पळत सुटली. पायलटच तिच्या मागे ओढला जात होता. आम्ही जीपने खाली तळ्याकाठी पोचलो तेव्हा ती गवतात मांडी घालून बसली होती. म्हणाली, "च्या मिळंल का कुटं? घसा सुकला वरडून."

समीक्षा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

२३ एप्रिल

आक्का आणि रुपेशराव बाजारात गेले. समीक्षाने मला नावेत बसवलं. तळ्याच्या मधोमध नाव थांबवली आणि नाववाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाबा, वारा फिरला नव्हता."

मी नावेच्या तळाच्या फळ्या बघत होतो. सांधे डांबराने भरले आहेत, पण घाईत.

ती म्हणाली, "एक विचारू? दर मे महिन्यात आई छपरावर चढून पत्रे आणि कौलं नीट करायची. टाकी धुवायची. तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"खाली. शिडी धरून. दुसरीकडे कुठे असणार?"

"एकदा तरी तुम्ही वर आणि आई खाली, असं झालं?"

"तिला हौस होती वर जायची. लग्नाच्या वर्षापासूनची. चढताना दरवेळी म्हणायची, धरा हं घट्ट. मी दोन्ही हातांनी धरायचो. कधी सोडली नाही. तू विचार धाकलूला."

समीक्षा रडायला लागली. मला कळेना की शिडी धरली यात रडण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, "अगं, एकदाही सोडली नाही मी शिडी."

"माहितीय, बाबा," ती म्हणाली. "माहितीय."

मग तिने माझा हात धरला. लहानपणी बाजारात धरायची तसा. मी म्हटलं, "उद्या जाऊ पुन्हा. हवा चांगली असेल तर."

"हवा कशीही असेल तर," ती म्हणाली.

२५ एप्रिल

काल उडालो.

तोच पायलट होता. कोपराला पट्टी होती. मी त्याला म्हटलं, परसों गलती मेरी थी. वाऱ्याचं काही बोललो नाही.

या वेळी पळताना डोळे मिटले आणि छायाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. "हं" तेवढं आठवलं. भाकरी थापतानाचं. ते "हं" धरून पळत राहिलो, आणि पाय पळत होते पण खाली काही लागत नव्हतं.

डोळे किती वेळाने उघडले ते सांगता येणार नाही. तळं एवढंसं होतं, नावा तांदळाच्या दाण्यांसारख्या. जे होत होतं त्याला भीती म्हणतात, हे लिहायला आता हरकत नाही. मी मोठमोठ्याने तिच्याशी बोलत होतो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. मागून पायलट विचारत होता, "अंकल, ठीक हो?" मी त्याला मराठीत सांगितलं, "मध्ये बोलू नका."

खाली उतरलो तेव्हा समीक्षाने मिठी मारली. रुपेशरावांनी फोटो काढले. मला वाटलं, झालं. शब्द पुरा झाला. छाया मोकळी झाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली. आम्ही तिथेच एका टपरीवर थुक्पा, म्हणजे तिकडचं शेवयांचं गरम सूप, खायला बसलो.

मी म्हणालो, "तिला त्या दोरावर बसू दिलं असतं तर बरं झालं असतं. तेवढीच इच्छा राहिली."

आक्का वाटीतून मान वर करून म्हणाली, "छायाची? ती तर त्या दोरीवर कवाच बसली. किती येळा."

समीक्षा म्हणाली, "आत्या!"

"आता काय आत्या? गेली ती. आन् ह्यो पण उडून आला. आता कसलं लपवायचं?"

मी समीक्षाकडे पाहिलं. मग तिने मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

छाया होती. पिवळी साडी, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर निळं हेल्मेट. दोरावरून येताना किंचाळते आहे, मग किंचाळणं संपून हसणं सुरू होतं. ते मोठं हसणं. पलीकडे पोचल्यावर रिसॉर्टवरच्या बायका तिला धरतात. ती श्वास घेते, मोबाईलकडे बघते आणि म्हणते, "ह्यांना सांगू नका गं कुणी."

मी ते तीनदा पाहिलं. थुक्पा गार झाला.

मी विचारलं, "मग कावळा कशासाठी अडला होता?"

समीक्षाने मोबाईल पालथा ठेवला.

"उडून झालं होतं तिचं. मग कसली इच्छा राहिली होती? मला उडायला कशाला लावलंस तू?"

समीक्षा म्हणाली, "आई मला नेहमी म्हणायची, तुझ्या बाबांना एकदा वर न्यायचंय. वरून सगळं कसं दिसतं ते दाखवायचंय. पण त्यांना लाज वाटू न देता. तेवढं काय मला जमलं नाही, म्हणायची."

"कसली लाज?"

"बाबा, तिला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून."

आक्का म्हणाली, "मला बी तिनंच सांगितलं. नवी नवरी होती. तू कौलं फिरवायला शिडी चढलास आन् तिसऱ्या पायरीवर थिजलास. ना वर, ना खाली. चार मानसं बगत होती. तवा ती वरडली, 'अहो, उतरा, मला हौस हाय कौलं फिरवायची.' आठवतंय?"

आठवतं. "हौस हाय" हे आठवतं. तिसऱ्या पायरीचं मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

रुपेशरावांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तो मी प्यायलो.

११ मे

घरी येऊन दोन आठवडे झाले. काम बरंच साचलं होतं. तीन मोटरी बांधल्या. रात्री जेवताना सांगायला कोणी नाही, आणि लिहायलाही बसलो नाही. व्हिडिओ माझ्या मोबाईलवर घेतला आहे. तिचा आवाज विसरायची आता भीती नाही. फक्त त्या आवाजातलं एकच वाक्य माझ्याबद्दल आहे.

काल सकाळी पुन्हा टाकीचं काम काढलं. प्रेशर स्विचची लाईन उत्तम चालते, तिच्यात दोष नाही. पण वीज गेली की घरात थेंब येत नाही. टाकी लागते. धाकलूला शिडी धरायला बोलवायला गेलो, तर तो नेरळला गेलेला. त्याची बायको म्हणाली, दुपारी येतील. मी परत आलो आणि शिडीखाली उभा राहिलो.

लोखंडी शिडी, कायमची भिंतीला टेकलेली. मीच बनवलेली. शिडीच्या पायथ्याशी, मी उभा राहायचो तिथे, जमीन दबून टणक झाली आहे. बाजूला गवत आहे, तिथे नाही.

तिसऱ्या पायरीवर थांबलो. खाली कोणी नव्हतं, बघायलाही आणि धरायलाही. मग चौथी, मग पुढच्या. शेवटच्या दोन गुडघ्यांवर चढलो, ते कुणी पाहिलं नाही.

वर तिचं सगळं जागच्या जागी होतं. गाळ काढायची जर्मनची वाटी टाकीखाली पालथी ठेवलेली. बसायला गोणपाटाची घडी. त्यावर बसलं की माथेरानचा डोंगर समोर येतो, खाली सगळी शेतं, आणि मान जरा वाकवली की बरोबर मी उभा राहायचो ती जागा. खालून मी ओरडायचो, "झालं का गं?" ती म्हणायची, "झालं. पण तुमी या की एकदा वर, वारा काय सुटलाय." मी म्हणायचो, "आणि शिडी कोण धरणार?"

टाकी धुतली. वाटीने सगळा गाळ काढला, फ्लोट नीट केला. उतरायला वळलो तेव्हा शिडीचं वरचं टोक दिसलं. खालून ते दिसत नाही, पत्र्याच्या आड जातं.

शिडीचे दोन्ही दांडे छपराच्या अँगलला बांधलेले आहेत. तांब्याच्या तारेने. माझ्या जळलेल्या मोटरींतली तार, काळी पडलेली, म्हणजे बऱ्याच वर्षांची. वेढे सुबक घातले आहेत, शेजारी शेजारी. एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. शेवटचं टोक पिळून आत दाबलेलं, साडी अडकू नये म्हणून.

मी दोन्ही हातांनी शिडी हलवून पाहिली. पूर्ण जोर लावला. जराही हलली नाही.

तरी दरवेळी चढताना म्हणायची, "धरा हं घट्ट."